लाईन

एकतीस वर्षं खांबावर चढलो,
सबस्टेशन भिवापूर, गावं सतरा,
पण या शब्दाचा अर्थ मले कोणी इचारला नाही.
इचारलं ते एवढंच,
"नैताम भाऊ, लाईन कवा येते?"

गेली ती लाईन, आली ती लाईन.
पंखा हळू फिरला तर लाईनीत दम नाही.
वीज म्हणजे आमच्याकडे वरून पडते ती,
मोहाचं झाड उभं चिरते,
बांधलेला बैल जागच्या जागी काळा करते.
घरात येते ती लाईन.

बाकीच्याही होत्या.
रेशनची, जिच्यात पुस्तकलाबाई
आपली चप्पल उभी करून घरी भाकरी टाकाले जाई,
अन् चप्पल नंबरानं पुढं सरके.
छोटी लाईन, नागभीडकडे डुलत जाणारी;
गाडी बंद झाली,
म्हातारे अजून म्हणतात, लाईनीच्या पल्याडचं वावर.
गुरुजींची : पुढची लाईन वाच बे.
अन् पोट्टे मारतात ती.
मीही मारली, खोटं काहून बोलू,
खांबावरून, खाली धुणं वाळत घालणाऱ्या एका पोरीवर.
तिनं मान वर केली, म्हणाली, आधी फ्यूज टाका.
तिच्याच हातचं जेवतो अजून.

एक मात्र बोलताना जीभ जड होते.
लाईन क्लियर.
फोनवर म्हणायचं, वहीत लिहायचं, खाली सही.
डोमाजी चढला त्या दुपारी
सही होती, वेळ होती, सहीखाली रेघ होती.
वहीत लाईन बंद होती.
तारेत नव्हती.

रिटायर व्हायले दोन महिने राहिले
तेव्हा शाळेचं कटआऊट जळालं.
मी शिडीवर, दातात पेचकस,
अन् गजबे मॅडम खाली, हातात विटेएवढी डिक्शनरी.
"भाऊ, तुमचा शब्द सापडला.
इंग्रजीत तो ल्याटिनातून आला.
लिनेआ म्हणजे धागा.
अन् धागा कशाचा, तर लिनमचा.
लिनम म्हणजे जवस."
कोणता जवस?
"तुमच्या डब्यात आहे तो."

डब्यात ज्वारीची भाकर होती
अन् जवसाची चटणी, लसूण जास्त झालेली.

मॅडम सांगत राहिल्या.
तिकडच्या लोकांनी काड्या पाण्यात कुजवल्या,
कुटल्या, विंचरल्या, धागा काढला,
धागा ताणून भिंत सरळ केली,
ताणलेल्या धाग्यासारखी ती रेघ,
मग रेघेसारखं जे जे दिसलं ते सगळंच.
मी म्हटलं, आमची माय तर दाणे झोडपून
काड्या चुलीत घाले.
तेल आमच्याकडे राहिलं,
धागा जग फिरून
तांब्याचा, मग ॲल्युमिनियमचा होऊन
माझ्याच खांद्यावर परत आला.
मॅडम हसल्या. कटआऊट बसलं. पंखा फिरला.

आता पौषात सकाळी फिरायले जातो.
अकरा केव्हीच्या खाली गेडामचं वावर,
जवस फुललेला, निळा,
दुपारपर्यंतच टिकतो तो निळेपणा, मग गळतो.
आज एक काडी मोडली.
साल नखानं सोलली, मांडीवर वळली.
वीतभर निघाला.
दोन बोटांत ताणून पाहिला,
सरळ होता,
डोमाजीच्या सहीखालच्या रेघेएवढा.
कितीही वेळ हातात धरला असता.
याच्यातून काहीच वाहत नव्हतं.

खिशात फोन वाजला.
"नैताम भाऊ, लाईन कवा येते?"
म्हटलं, बाबू, मी आता त्या लाईनीत नाही.

तरी फोन ठेवता ठेवता
मान वर गेलीच.